पवन

शशिकलाआत्याच्या अंगात यायचं ते शुक्रवारी,
दिवेलागणीनंतर, दांडियाबाजारातल्या दोन खोल्यांत.
तिच्यासाठी पाट असायचा, लिंबू, खण,
आणि समोर दाटीवाटीनं
शिंपीण, कंपाउंडर, वरच्या मजल्यावरचे फणसे वकील.
आम्ही म्हणायचो, वारं आलं.
शेजारच्या जशीबेन म्हणायच्या, पवन आव्यो.
कुणीतरी हात जोडून विचारायचंच:
कोण आहेस बाई? काय हवंय?
आत्या सांगायची. कधी नारळ, कधी नुसतं तीनदा नाव.
मग भानावर येऊन सगळ्यांना चहा टाकायची
आणि साखर जास्त पडली म्हणून स्वतःवर चिडायची.

हेमांगीच्या अंगात आलं ते बुधवारी, पावणेबाराला,
अलकापुरीतल्या बँकेत, कॅश काउंटरवर.
पाट नव्हता. एसी होता.
नोटा मोजता मोजता तिची बोटं थांबली
आणि ती लहान पोरीच्या आवाजात
गुजराती बोलू लागली.
रांगेतल्यांनी मोबाइल वर धरले.
कोण आहेस, हे कुणी विचारलं नाही.

डॉक्टर मजमुदार भले. घाई करत नाहीत.
त्यांच्याकडे याला शब्द आहे, लांब आणि स्वच्छ,
इस्त्री केलेल्या चादरीसारखा.
फॉर्मवर नावाला एकच रकाना.
मी पेन उघडून बसून राहिलो.

बाबांचा नियम होता: उंबऱ्याच्या आत मराठीच.
मी चपलांबरोबर गुजराती काढून ठेवायचो,
मला जमायचं.
हेमांगी सात वर्षांची. एकदा धावत आत आली,
मूठ पुढे, "पप्पा, जुओ ने..."
बाबा म्हणाले, बाहेर जा. नीट होऊन ये.
ती गेली.
थोड्या वेळानं कुणीतरी नीट होऊन आत आलं,
आणि आम्ही जेवायला बसलो.

काल रात्री पुन्हा तोच आवाज.
गोळीची वेळ झाली होती. गोळी हातातच ठेवून
मी जमिनीवर बसलो,
आत्यासमोर बसायचे तसा.
लिंबूही नव्हतं घरात.
विचारलं, उंबऱ्याच्या आत, पहिल्यांदाच:
तुं कोण छे? शुं जोईए छे?

तिनं मूठ पुढे केली. उघडली.
रिकामी.
"जुओ ने."
मी पाहिलं.
बराच वेळ पाहत राहिलो.

गोळी मग हेमांगीनं घेतली, पाणी सगळं प्यायली,
म्हणाली, तू खाली का बसलायस?
फरशी गार आहे.