हातचा

डेअरीचा हिशेब तीस वर्षं माझ्याकडे.
सहा आणि सात तेरा,
तीन मांडायचे, हातचा एक.
तो एक बाजूला बारीक लिहायचा, नाहीतर मनातच धरायचा.
विसरलात तर सगळी बेरीज खोटी,
चीज कितीही खरं असो.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी
आमच्या गावचे पुरुष चौकात उभे राहतात,
दोरखंडाच्या आत.
कमरेला आजोबाची तलवार, तीच ओळखचिठ्ठी.
मंचावरून अध्यक्ष प्रश्न वाचतात
आणि हात वर होतात.
मोजत कुणी नाही. नजरेनंच अंदाज घेतात,
कुरणात यंदा गवत किती उतरेल
ते बघावं तसा.

मी बेकरीच्या पायरीवर उभी असायचे.
तिथून माणसं दिसत नाहीत, नुसत्या बाह्या दिसतात.
पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या.
एमिलची मी शिवलेली,
फ्रिडोलिनची मी, गिरणीवाल्या तिघा भावांच्या मी.
एका वर्षी मोजल्या. एकेचाळीस.
एकेचाळीस हात माझ्या टाक्यांतून वर गेले
आणि म्हणाले,
बायकांना मत नको.

"कमी काय आहे तुम्हाला इथं?"
सूप ओरपत एमिल म्हणाला.
"मीठ," मी म्हटलं,
आणि बरणी त्याच्यापुढून उचलून नेली.

अर्ज ओटिलियानं लिहिला, दुधाच्या कॅनवर कागद ठेवून.
बारा सह्या झाल्या. रविवारच्या प्रार्थनेनंतर नऊ उरल्या.
माझी होती, हिशेबाच्या अक्षरात,
खाली रेघ मारलेली.
बहीण म्हणाली, क्रेसेंझ, हात दाखवून अवलक्षण!
बुधवारी दारात कुणीतरी शेणाची गाडी उलटी केली.
मी फावडं घेतलं.
त्या साली कोबी असा झाला,
की शिवायला शर्ट टाकणं बंद केलेल्या बायकाही
तो मागायला आल्या.
दिला. पैसे घेऊन दिला.

पुढच्या एप्रिलला पुन्हा तोच प्रश्न.
एमिलचा शर्ट नवा होता.
उजव्या बगलेत मी कच्चा दोरा घातला,
हात उचलला की उसवेल असा.
म्हटलं, तोंडानं हा सांगायचा नाही,
बाही सांगेल.

संध्याकाळी त्यानं शर्ट खुंटीला लावला.
मी दिव्याखाली धरून बघितला.
टाका न् टाका जागेवर.
दिवसभर कशालाच उचलला नव्हता हात.
आमच्या विरोधात नाही,
आमच्या बाजूनंही नाही.
हात वर न करताही
माणसाला हात वर करता येतात,
हे त्या रात्री कळलं.
मी दोरा ओढून काढला, पक्की शिवण घातली.
दोघंही काही बोललो नाही.

मग मोठ्या शहरातल्या कोर्टाचा कागद आला.
बाहेर बर्फ. ओटिलियानं तो दोनदा वाचला,
तिसऱ्यांदा वाचायला माझ्याकडे दिला,
तिचा चष्मा ओला झाला होता.

आम्हाला तलवार नाही. पिवळं कार्ड.
दोराखालून वाकून जावं लागेल असं वाटलं होतं,
पण पोलिसपाटलाच्या पोरानं तो उचलून धरला,
इकडे न बघता.
पहिला प्रश्न ओढ्यावरच्या पुलाचा.
रुंद करायचा की नाही.
अंदाजपत्रक मी आदल्या रात्री तपासलं होतं,
दुसऱ्या पानावर बेरीज चुकलेली.
मी विरोधात हात उचलला.
बाही माझीच, माझ्याच मापाची,
तरी काखेत आवळत होती.
अध्यक्षांची नजर गवतावरून फिरावी तशी
माझ्यावरून गेली,
आणि आम्ही हरलो.
पूल होणार.

फ्रिडोलिन मागून म्हणाला,
आता झालं समाधान?
मी म्हटलं, दुसरं पान बघ.

रात्री खांदा ठणकत होता.
एमिलनं विचारलं नाही.
मलमाची डबी मात्र टेबलावर होती,
झाकण सैल करून ठेवलेली.