ढलप्या

रे रोडच्या वखारीत आबांनी
पंचेचाळीस वर्षं रंधा मारला.
शनिवारी कानजीशेठ पगार मोजून द्यायचा.
पिशवी आबा स्वतः भरायचे, न मोजता:
ढलप्या, कपच्या, कुरळे छिलके,
कुणाच्याच वहीत न चढलेलं लाकूड.

घोडपदेवच्या खोलीत पिशवी ओतली
की आई डोळे मिटून वास घ्यायची.
हा सागवान. हा देवदार, बोटीच्या खोक्यातला.
आणि हा कुठला मेला, नुसता धूर करणार.

मी ढलप्यांवर पाढे लिहायची.
चुकले की आई तीच ढलपी बंबात सारायची.
आधी छिलका, मग कपची, मग ढलपी.
मोठं लाकूड एकदम पेट घेत नाही,
त्याला आधी कुणीतरी
बारीकसं जळून दाखवावं लागतं.

चाळीत कपाट डुगडुगलं कुणाचं,
की पोरगं दाराशी: काका, पाचर!
आबा न बघता पिशवीत हात घालायचे,
अंगठ्याने जाडी मोजायचे,
म्हणायचे, ही घे, ठोकू नको, नुसती सरकव.

तिसऱ्या मजल्यावरच्या दमयंती वालावलकरांची खिडकी
त्र्याऐंशी सालापासून
अशाच एका ढलपीवर बंद व्हायची.
चाळ पाडली तेव्हा बाईंनी ती काढून नेली
नव्या इमारतीत, बाराव्या मजल्यावर,
जिथं खिडक्या सरकतात
आणि पाचर मारायला फटच नाही.
देव्हाऱ्यापाशी ठेवलीय.
काय म्हणून, ते मी विचारलं नाही.

आबांच्या उजव्या अंगठ्यात एक कूस होती,
माझ्या जन्माच्या आधीची.
वर कातडं आलेलं, खाली काळी रेघ.
केईएमची डॉक्टर म्हणाली, काढून टाकू या का?
दोन मिनिटांचं काम.
आबा म्हणाले, राहू दे.
बर्मा टीक आहे.
आता मिळत नाही.

भोईवाड्याला विजेवर करायचं ठरलं.
पावती फाडताना तिथला माणूस म्हणाला,
लाकडाचे पैसे नाहीत हो यात,
लाकूड लागतच नाही.
मी बरं म्हटलं.
उजवा हात चादरीबाहेर आला होता.
तो मी आत घेतला,
अंगठा आधी.