बुधवारचं जेवण

उत्तर मिनेसोटात, रुळांच्या पलीकडच्या गल्लीत,
व्हर्ना टॉलेफसनच्या स्वयंपाकघरात
शनिवारी सकाळी लोक बिलं घेऊन येतात.
कॉफी मिळेल, चमत्कार नाही, असं म्हणत
ती लाल पेन्सिलीला टोक काढते.

एकतीस वर्षं तिनं धान्याच्या कोठाराचे हिशेब लिहिले.
गव्हात ओल किती धरायची, वजनात घट किती,
हे तिला कुणी शिकवू नये.

सुरुवात लाइलपासून झाली.
तो गेला मंगळवारी, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी.
हात तिच्या हातात होता, म्हणून वेळ पक्की.
दीड महिन्यानं बिल आलं:
खोलीभाडं, मंगळवार.
खोलीभाडं, बुधवार.
दुपारचं जेवण, बुधवार, चौसष्ट डॉलर.

तिनं फोन लावला.
तासभर कसलीशी पिपाणी वाजत राहिली,
मग एक मुलगी आली, आवाज कोवळा, दमलेला.
व्हर्नानं विचारलं,
"बुधवारी तो जेवला का गं?
काय खाल्लं, तेवढं सांग.
माझ्या हातचं तर सूपही उतरत नव्हतं."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
बुधवार खोडला गेला.

तेव्हापासून ती आल्यागेल्याला बजावते:
खालचा ठळक आकडा बघू नका,
तो धडकी भरवायलाच असतो.
ओळ मागा. एकेक ओळ.
ऑरिन हाउगेच्या गुडघ्याला भूल दोनदा, गुडघा एकच.
पा न्हियाच्या बाळाची टोपी बावीस डॉलर,
आणि टोपी तिनं स्वतः विणलेली.

सगळंच सुटतं असं नाही.
इन्सुलिनची पावती आली की
ती चष्मा काढून ओट्यावर ठेवते,
खिडकीबाहेर बघत बसते.
तिथं पेन्सिल चालत नाही.
"हे दर ठरवतं तरी कोण?" ऑरिन कुरकुरतो.
"ठाऊक नाही," ती म्हणते.
"कोठारात निदान फळा होता.
ट्रक रिकामा करायच्या आधी
भाव वाचता यायचा."

गेल्या शनिवारी एक अनोळखी पोरगी आली.
दारात बूट काढले, बर्फ झटकला,
कोटाच्या आतून लिफाफा काढला.
गळ्यातला इस्पितळाचा बिल्ला
काढायचा मात्र राहून गेला होता.
"मी... त्या बुधवारवाली," ती म्हणाली,
"हे माझ्या आईचं आहे."

व्हर्नानं खुर्ची सरकवली.
पेन्सिल तिच्याच हातात दिली.
"मोठ्यानं वाच.
वरून सुरू कर."