खांद्याचं

गोळीबार चौकातून आत वळलं की तिसरी गल्ली,
पत्र्यावर निळ्या ऑइलपेंटनं ‘हेडाऊ सावजी’,
खाली बारीक अक्षरांत: उधारी बंद.
तिथे सकाळी सहाला मी मसाला भाजते,
धने, खसखस, दगडफूल,
आणि मिरी इतकी
की समोरच्या मागावरचा माणूस शिंकतो.
बावीस वर्षं.
त्यातलं शेवटचं दीड वर्ष
मी माझ्या हातचं मटण खात नाही.

मिठाचा अंदाज आता वासावर.
शंका आली की भाच्याला हाक:
“अंकुश, चाखून पाह्य रे.”
तो वाटी फुंकतो, ओठ चाटतो,
“आत्या, जरासं अजून.”
मी जरासं अजून टाकते.

लोक विचारतात, काहून सोडलं?
बँकेतल्या साहेबांना म्हटलं, डॉक्टर नको म्हणाले.
वच्छलाबाईंना, गुरुवार धरलेत.
भावजयीला, दाढ दुखते.
खोटंही ज्याच्या त्याच्या मापानं वाढावं लागतं,
कुणाला रस्सा पातळ,
कुणाला वर तर्री.

रामदासपेठेतल्या एक बाई कोरडा मसाला नेतात,
उंबऱ्याबाहेरूनच, नाकाला रुमाल.
त्या म्हणाल्या, “बरं झालं हो, शुद्ध झालात.”
मी पिशवीची गाठ जरा जास्तच आवळली.
बाई, या गंजावर माझ्या बापानं
माग विकल्यावर चार लग्नं लावली,
माझी पोरगी नर्स झाली.
मी थांबले फक्त.
धुतली गेले नाही.

खरं कारण कुणाला सांगितलं नाही.

बाबा मेडिकलमधून घरी आले
तेव्हा उजवी बाजू गेलेली.
मे महिना. कूलर नुसता गरम वारा फेकत होता.
डॉक्टर म्हणाले होते,
खांदा रोज चोळा, सांधा धरू देऊ नका.
मी तिळाचं तेल कोमट केलं,
त्यांचा हात उचलून मांडीवर घेतला,
बोटं फिरवत वर गेले
आणि बोटं थांबली.
त्या खोबणीत,
जिथे हाडात हाड बसतं,
जिथे सुरी टेकवली की जोर लागत नाही.

बोटांना जागा पाठ होती.
माझ्या आधी त्यांना कळलं.

ती जागा बाबांनीच शिकवलेली.
मी अकरा वर्षांची,
सुरीवर माझा हात, माझ्या हातावर त्यांचा:
“कापाचं नाई वो, नुसती वाट शोधाची.
वाट रायतेच.”

ते माझ्याकडे बघत होते.
त्यांना कळलं असेल का, कुणास ठाऊक.
बोलणं तर गेलेलंच.
बोटं उचलली मी. मग अख्ख्या तळव्यानं चोळलं,
तेल संपेपर्यंत.

दुपारी ताट वाढून घेतलं,
तसंच अंकुशपुढे सरकवलं.
इतकंच झालं.
शपथ नाही, व्रत नाही,
स्वप्नात बकरा आला नाही.

खानावळ चालूच आहे.
कुणी खाऊ नये असं मला वाटत नाही,
आणि मला खाववत नाही.
दोन्ही एका चुलीवर कसं शिजतं
मला सांगता यायचं नाही.
खांद्याचं आता अंकुश कापतो.
मी तेव्हा पाठ फिरवून लसूण सोलते,
सोललेलाही सोलते.

रात्री गल्ला मोजून झाला की
वेगळ्या पातेल्यात चार पाटोड्या सोडते.
मसाला तोच,
नाकातून पाणी तेच.

पण आधी बाबांचं.
मऊ भात, त्यात मटण, अगदी बारीक केलेलं.
ते खातात. मी भरवते.
हाडाची कपची राहू नये म्हणून
प्रत्येक घास बोटांनी चाचपते.
“मीठ बरोबर?” मी विचारते.

आमचं ठरलेलं आहे:
एक डोळा मिटला की ठीक,
दोन्ही मिटले की कमी.

आज दोन्ही मिटले.