नावेचं नाव

बंदराच्या कचेरीत कारकुनाने विचारलं, लांबी?
चार मीटर ऐंशी. न मोजता सांगितली.
रंग?
कुठल्या वर्षीचा, असं अगदी ओठांवर आलं होतं.
निळा लिहा, म्हटलं.

मग आपण धक्क्यावर आलो, तू आणि मी.
ओहोटी लागलेली, आरोसाची खाडी गुडघ्यापर्यंत उघडी,
बायका गाळात वाकून शिंपल्या खणत होत्या,
आणि ही दोर्ना एका कुशीवर कललेली,
जेवून जरा लवंडल्यासारखी.
बाल्बिना आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली.

ऐक शियाना, खोडी आधी सांगतो,
गुणांचं तू बघून घे.
उजवीकडची चौथी फळी दर मार्चात पाझरते;
सुताचा बोळा आणि डांबर, दुसरं औषध नाही.
थंडीत मोटर पहिल्या दोन ओढींना दाद देत नाही,
तिसरीच्या आधी एक शिवी हासड.
(बाल्बिना सोबत असली की मी मनात हासडायचो.)
वल्ह्याच्या मुठीत माझ्या अंगठ्याची खाच पडलीय,
तू डावरी, तुला ती बोचेल. तासून टाक.
कालवांच्या तराफ्यांपाशी वारा अचानक वळतो,
तिथं सुकाणूशी भांडू नकोस.
तिला ठाऊक आहे.

ऑक्टोपसची जागा मी सांगणार नव्हतो.
देवळाचा मनोरा आणि बंद पडलेल्या सार्डिनच्या कारखान्याची चिमणी
एका रेषेत आली की मडकी सोड.
घे. सांगून बसलो.

तू विचारलंस, नाव बदललं तर चालेल?
दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलतात तशा आवाजात.
नवं काय ठेवणार?
अजून सुचलं नाही, म्हणालीस, आणि लाजलीस.
चालेल की.
नाव तुझी झाली, आता नाव माझं कशाला?

तुझ्या हातून नको, म्हणून सुरी मीच घेतली.
बाल्बिनाचं पहिलं अक्षर सहज निघालं,
दुसऱ्याला जरा जोर लागला.
निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली हिरवा,
आणि हिरव्यात, आडव्यातिडव्या अक्षरांत,
दोलोरेस.

सेर्वांदोची मुलगी.
ब्यूनोस आयर्सला गेली ती गेली, पुढे पत्रही थांबलं.
एक्काहत्तर साली मी तिच्यावर ब्रश फिरवला
तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, शीळ घालत होतो,
संध्याकाळी बाल्बिनाला दाखवायची घाई होती.
म्हातारा इथंच, या लोखंडी खुंटाला टेकून उभा,
हातात पावाचा तुकडा, तोंडाशी गेलेला नाही.
मला वाटलं, दात नसतील.
चकार शब्द बोलला नाही.
मी डबा बंद करताना तेवढं विचारलं त्याने,
रंग कितीला पडला रे?
मी हसलो होतो. घरी जाऊन सांगितलंही,
कंजूष आहे म्हातारा, दुसऱ्याच्या रंगाचे पैसे मोजतो.

दोलोरेस तू पाहिलीस. काही बोलली नाहीस.
भरतीचं पहिलं पाणी फळीखाली शिरलं,
ती जराशी हलली, सरळ झाली,
कुणाकडे न बघता.
तू डब्याचं झाकण उचकटलंस. पिवळा.
माझे हात रिकामे, खिशात घातले, काढले,
खुंटाला टेकलो,
आणि विचारलं, कितीला पडला गं डबा?

तू आकडा सांगितलास.
महाग नाही, म्हटलं.