ऑक्टोबरचे तीन आठवडे

टॉर्क्विलच्या घराला डोंगरावरचा टॉवर दिसतो,
आम्हाला खाडीपलीकडचा टॉर्क्विल.
त्याच्या धुराड्यावर एक डिश, ताटलीएवढी,
आमच्या छपरावर तिच्याकडे टक लावून दुसरी.
या किनाऱ्याला तार नाही, रस्ताही नाही.
राउटर बोटीतून आला,
जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जगतो.

कुंदा, तू विचारतेस
मेमध्ये मी कुठे गायब होते.
मध्ये एक बर्च आहे.
पालवी फुटली की आधी तुझा चेहरा
चौकोनी ठिपक्यांचा होतो,
मग नुसता आवाज,
मग "ऐकू येतं—"
तेव्हा स्कॉटलंडात ऊन रात्री दहापर्यंत,
सोलरची वीज उतू जाते.

डिसेंबरात झाड उघडं, वाट मोकळी,
पण सूर्य साडेतीनलाच दुकान बंद करतो.
दिवा मालवून आम्ही राउटरला जगवतो
आणि तू म्हणतेस,
अगं, काळोखात का बसलीयस?

एकदा करवत घेऊन गेले होते.
"काप की," टॉर्क्विल म्हणाला,
"एफीनं लावलेलं आहे, पण काप."
बिस्किटांचा डबा त्याला उघडेना,
तो उघडून दिला. चहा घेतला.
परतताना करवतीवर ताडपत्री टाकली,
भिजू नये म्हणून,
किंवा त्याला दिसू नये म्हणून.

काल वारा सुटला. पिवळी पानं
बरीचशी खाडीत गेली.
रात्री फोन टेबलावर थरथरत राहिला:
तुझे बेचाळीस निरोप, एकदम.
सर्वांत जुना, बारा मेचा:
"जागी आहेस का? थोडं बोलायचंय."