फळी

नोव्हेंबर सरताना मोहननगरातला आमचा रस्ता
खणून ठेवला त्यांनी, पुरुषभर खोल.
आधी पाईप, मग सिमेंट, असं म्हणतात.
म्हणजे यंदाचा नाताळ गिट्टीतच.

मी आपली तयारीला लागले.
ट्रंकेतून गोठ्याचा पुठ्ठा काढला,
एका मेंढराचा पाय फेव्हिकॉलनं चिकटवला,
ताटलीत गहू पेरून खिडकीशी ठेवला.
सीताबर्डीवर तीन जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या,
गुलाबी काही मिळेना.
दुकानदार म्हणाला, बर्थडेची देऊ का, आकड्याची?
अंगठ्याएवढा गुलाबी सात घेऊन आले.
देवाला आकड्यांचं काय.

पहिल्या रविवारी एक वात.
जागे राहा, म्हणाले फादर अन्सेल्म.
मला काय सांगता जागं राहायचं?
एकतीस वर्षं रेल्वे दवाखान्यात रात्रपाळी केली;
सलाईनच्या थेंबांवर नजर ठेवून
पहाटे साडेतीनचा अंधार तोंडपाठ केला आहे मी.
पण तिथं ताप मोजायचा तो दुसऱ्यांचा.

दुसऱ्या रविवारी रानात ओरडणारा तो माणूस आला,
उंटाच्या केसांचा, टोळ खाणारा.
दरी भरा, टेकडी उतरवा, वाकडं ते सरळ करा.
मागच्या बाकावरचा कोणी पोट्टा पुटपुटला,
"ह्याले कंत्राट द्या ना बावा,"
आणि अख्खी रांग हसू दाबत राहिली.
मीही हसले.
मग ते घशातच अडकलं,
कारण पुढे, खांबाच्या आडोशाला,
इग्नासच्या टकलावर ट्यूबलाईट चमकत होती.

इग्नास, माझा पाठचा भाऊ.
रस्त्यापलीकडचं हिरवं दार.
अकरा वर्षं झाली.
आईच्या आजारपणाचा हिशेब, बाराशे चाळीस रुपयांचा घोळ,
आणि मी बोललेलं एक वाक्य,
जे पापनिवेदनातही धड उच्चारलं नाही कधी;
"रागावले होते, फादर," एवढ्यावर भागवलं.

या शनिवारी जाळीपलीकडून प्रश्न आला:
काय म्हणालात तेव्हा?
सांगितलं.
"म्हटलं, तू आईच्या मरणाची वाट पाहत होतास."
बराच वेळ पलीकडे फक्त घड्याळ.
मग: तीन वेळा प्रार्थना म्हणा,
आणि रस्ता ओलांडा.

वाट पाहणं.
नेमका हाच शब्द फेकून मारला होता मी,
आणि दरवर्षी चार आठवडे तोच ओठांवर घेऊन
देवळात पुढच्या बाकावर बसत होते.

तिसऱ्या रविवारी तो गुलाबी सात पेटवला.
तीन मिनिटांत वितळून संपला.
कुलकुल्यांचा डबा हातात घेतला, परत ठेवला;
डबा पुढे केला की तोंड लपवता येतं.
रिकामीच निघाले.

खड्ड्याच्या काठाशी पाय थबकले.
मोठ्या पाईपच्या तोंडाशी चूल पेटलेली,
गोंदियाकडची माणसं, आत गोधडीत काहीतरी हलणारं.
नवऱ्याचा स्वेटर घातलेली एक बाई उठली,
सेंट्रिंगची फळी ओढून आडवी टाकली,
टोकावर दोन्ही पाय रोवून उभी राहिली.
"भेऊ नोका बाई, या."

फळी मध्ये वाकली.
खाली साचलेलं पाणी, पाण्यात कुणाच्या तरी गच्चीवरचा
यंदा लवकरच लावलेला तारा.
सहा पावलं. गुडघा धरून सात.

हिरव्या दाराचा रंग पार उडाला आहे,
हे आमच्या बाजूनं कधी दिसलंच नव्हतं.
कडी वाजवली.
आत खुर्ची सरकली,
मग चपला शोधणारे पाय.
कोण आहे, असं त्यानं विचारलं नाही.
किंवा विचारलं असेल, मला ऐकू आलं नसेल.

मागे ती बाई अजून फळीवर पाय रोवून उभी होती,
मी परत येईन म्हणून.